आठ सेकंदांचा दिवा

चाचा माणसं सेकंदांत मोजायचे. समुद्रातल्या प्रत्येक दिव्याला स्वतःची एक चाल असते, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कुणी दर पाच सेकंदांनी चमकतो, कुणी लागोपाठ दोनदा चमकून दहा सेकंद गप्प बसतो. नावाड्याला दिवा दिसतो उजेडामुळं, पण तो ओळखू येतो चालीमुळं. हाच नियम त्यांनी कोल्हापुरातल्या सगळ्या ओळखीच्या माणसांना लावून टाकला होता. चाची म्हणजे अखंड उजेड, मध्ये अंधारच नाही. कोपऱ्यावरचा लेथवाला म्हणजे भरमसाट चमकणारा आणि वाट कुठली ते न सांगणारा. माझा निकाल त्यांनी मी राहायला आल्यावर आठवड्याभरातच लावला.

"तू म्हंजे एक चमक, मग बारा सेकंद अंधार. तेवढ्यात बोट फुटून बुडतीया, कॉलेज."

माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. आमच्या घरातला मी कॉलेजात गेलेला पहिलाच, आणि 'कॉलेज' या हाकेनं मला आधी लाज वाटायची, मग बरं वाटू लागलं.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि त्यांच्या वर्कशॉपच्या माळ्यावर भाड्यानं राहत होतो. ती खोली वडिलांनी पसंत केली ती पलीकडच्या तालमीकडं बघून. पोरगं शिकलं नाही तर निदान अंगानं तरी भरेल, असा त्यांचा विचार असावा. मी तालमीत कधी गेलो नाही. पण भिंत एकच असल्यामुळं तालीम रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या खोलीत यायची.

कोल्हापुरात समुद्र नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तरी चाचांच्या वर्कशॉपमध्ये समुद्राचंच काम चाले. खाड्यांच्या तोंडाशी साखळीनं बांधलेले मोठे लोखंडी पिंपासारखे तरंगते गोल असतात, त्यांना बोया म्हणतात. बोयाच्या डोक्यावर दिवा असतो. इथं खडक आहे, इथून वाट आहे, हे तो सांगतो. कोकणातल्या एका लहान बंदराच्या कचेरीनं फार पूर्वी असा एक मोडका दिवा पितळी भाग ओतून घेण्यासाठी कोल्हापूरला पाठवला. चाचांनी भाग तर ओतलाच, पण दिवाही चालू करून पाठवला. तेव्हापासून दिवे येतच राहिले. मी राहायला गेलो तेव्हा जुने गॅसचे दिवे काढून त्याजागी बॅटरीचे बसवायचं काम चाललं होतं. चाचांनी त्यासाठी स्वतःची एक रचना केली होती. एक लहान मोटर, तिच्यावर पितळी चकती, चकतीला एक खाच. खाच समोर आली की दिवा लागे. बाजूच्या एका स्क्रूनं चकतीचा वेग कमीजास्त होई. तो स्क्रू लावणं हेच खरं काम, असं ते म्हणत. "उजेड कोण बी करील. अंधार मोजून करायला लागतो."

दिवे खाऱ्या पाण्यात टिकतात का ते बघायला त्यांनी मागच्या अंगणातल्या हौदात समुद्र केला होता. दगडी हौद पाण्यानं भरायचा आणि त्यात अख्खं एक पोतं मीठ ओतायचं. पितळेचे तुकडे, रबरी कड्या, काचा महिनोन्महिने त्यात बुडालेल्या असत. बंदरातून कुणी खलाशी दिवा घेऊन आला की चहाच्या आधी त्याला हौदापाशी नेत.

"चाखून बघा पावणं, जमलाय का?"

एक खलाशी बोट चाटून गंभीरपणे म्हणाला, "वायच अळणी हा." चाचांनी लगेच चार ओंजळी मीठ आणखी टाकलं आणि काठीनं ढवळलं. पलीकडच्या गवळ्याच्या म्हशीला या समुद्राचा पत्ता लागला होता. ती संध्याकाळी हौदाचा काठ चाटत उभी राही आणि घरी जायला तयार नसे. गवळी भांडायला आला तर चाचा त्याला म्हणाले, म्हैस तुझी, पण समुद्र सरकारी कामाचा आहे, तिला तू आवर. शेवटी हौदावर पत्रा आला. म्हैस पत्रा चाटू लागली.

पण चाचांची सगळ्यात मोठी तऱ्हा म्हणजे त्यांचं घड्याळ. त्यांच्याकडं मनगटी घड्याळ होतं, ते खुंटीला असे. दिव्याची चाल लावताना डोळे दिव्यावर हवेत, हात स्क्रूवर हवा, मग घड्याळाकडं बघायचं कुणी, असा त्यांचा प्रश्न होता. मोजणी कानानं यायला पाहिजे. ती भिंतीपलीकडून येत होती. तालमीचे वस्ताद पोरांना जोर काढायला लावत आणि स्वतः आकडा म्हणत. आवाज असा की माझ्या माळ्यावरचे पत्रे हलायचे. एका आकड्याला बरोबर दोन सेकंद. चाचांनी हे एकदा रेडिओवर बातम्यांच्या आधी होणाऱ्या टिकटिकीशी लावून बघितलं होतं. चार जोरांचा दिवा आठ सेकंदांचा, पाच जोरांचा दहा सेकंदांचा. संध्याकाळी तालीम सुरू झाली की चाचा वर्कशॉपची दारं लावून अंधार करत आणि वस्तादांच्या आकड्यावर दिवा लावत. कोकणातल्या कितीतरी होड्या अशा कोल्हापूरच्या तालमीच्या भरवशावर घरी येत होत्या. वस्तादांना याचा मोठा अभिमान होता. रोज सकाळी दहाच्या चहाला ते चाचांकडं येत आणि विचारत, "काय मिस्त्री, माझ्या बोटी कशा हायत?"

रेडिओशी लावून किती दिवस झाले, असं मी एकदा धीर करून विचारलं. पाच-सहा वर्षं झाली असतील, चाचा म्हणाले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "भावाची नाडी कोण रोज बघतंय व्हय रं?"

मला प्रॅक्टिकलची परीक्षा होती आणि लंबकाचा प्रयोग हमखास येतो असं सगळे म्हणत. म्हणून मी वर्कशॉपमधला एक नट मागून घेतला, दोऱ्याला बांधला आणि माळ्याच्या वाशाला टांगला. साधारण मीटरभर दोरा असला की लंबकाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं जायला एक सेकंद लागतो. मी पट्टीनं मापून दोरा ठेवला होता. त्या रविवारी संध्याकाळी मी झोके मोजत बसलो होतो आणि भिंतीपलीकडं वस्ताद आकडे म्हणत होते. मोजता मोजता मला दिसलं की वस्तादांचे वीस आकडे होईतो माझे चाळीस झोके व्हायला पाहिजेत, ते पन्नास होतायत.

माझं चुकलं असणार, हेच मनात आलं. मी दोरा पुन्हा मापला, गाठ बदलली, नट बदलला. पुन्हा पन्नास. आमच्या सात पिढ्यांत कुणी लंबक बघितला नव्हता आणि वस्ताद तीस वर्षं आकडे म्हणत होते. कुणाचं खरं असणार? खाली चाचा त्याच आकड्यांवर एक नवा दिवा लावत होते. मी जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलो आणि परत वर गेलो. सोमवारी तसंच. मंगळवारी तसंच. बुधवारी सकाळी मी नट आणि दोरा खिशात घालून कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलो आणि तिथल्या शिपायाला विनवून स्टॉपवॉच घेतलं. दोरा बरोबर होता. मी धावतच घरी आलो.

दहाचा चहा चालला होता. चाचा आणि वस्ताद बाकावर शेजारी शेजारी बसले होते. टेबलावर दिवा नव्हता. कुठं गेला विचारलं तर चाची म्हणाल्या, सकाळी गुळाचा ट्रक कोकणात निघाला, त्यात ठेवून दिला. चाचांचे दिवे नेहमी असेच गुळाच्या ढेपांच्या मध्ये बसून फोंडा घाट उतरत.

मला कसं सांगावं कळेना. मी खिशातून दोरा काढला आणि म्हणालो, वस्ताद, जरा वीस आकडे म्हणता का? वस्तादांना वाटलं मला कॉलेजात दाखवायचं असेल. ते मिशीवरून हात फिरवून सुरू झाले. मी नट सोडला. पन्नास झोके. वस्ताद हसले, परत म्हणाले. परत पन्नास. मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं आणि माझेच कान गरम झाले.

"म्हंजे मी चुकलो म्हणतोस?" वस्ताद म्हणाले.

"मी न्हाय, वस्ताद. दोरा म्हणतोय."

चाचांनी बशी खाली ठेवली. ते लंबकाकडं बघत बसले, नट थांबेपर्यंत. मग त्यांनी मला अगदी हळू आवाजात समजावलं, जणू मीच ट्रक पाठवला होता. गेलेला दिवा खडकावरच्या बोयाचा होता. तो आठाचा पाहिजे. त्याच खाडीत वाटेवरचा बोया आहे, तो दहाचा, दीड वर्षापूर्वी लावलेला, तो बरोबर जळतोय. आता खडकावरचाही दहाचाच होणार. नावाडी मोजणार, दहा, म्हणणार ही वाट, आणि सरळ खडकावर जाणार.

"कवा कळलं तुला?"

"रविवारी."

चाचा उठले, स्क्रू फिरवायचा पेचकस घेतला, लाखेची कांडी घेतली, आणि चाचींना सांगितलं की जेवायला थांबू नको. वस्तादही उठले. ट्रक दोन तास पुढं गेला होता, पण गुळाचे ट्रक घाट उतरायच्या आधी राधानगरीला जेवायला थांबतात आणि जेवल्यावर ड्रायव्हर झोपतो, हे चाचांना ठाऊक होतं. जायचं कशानं, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्या दिवशी माझ्याकडं होतं. आमच्या गावावरून दूध आणणारा ट्रक साडेदहाला रिकामे कॅन घेऊन राधानगरीच्या वाटेनं परत जाई. ड्रायव्हर वडिलांच्या ओळखीचा.

ड्रायव्हर म्हणाला, नेतो, पण गावोगावी कॅन उतरवायला थांबायला लागतंय. वस्ताद म्हणाले, तू नुसता सावकाश कर, थांबू नको. मग ते फळीशी उभे राहिले आणि प्रत्येक गावाला ट्रक जरा मंद झाला की एका हातात दोन, दुसऱ्या हातात दोन असे कॅन खाली सोडू लागले. खाली उभे असलेले लोक कॅन घ्यायचंही विसरून त्यांच्याकडं बघत. एका ठिकाणी कुणीतरी टाळ्या वाजवल्या. वस्तादांनी चालत्या ट्रकमधून नमस्कार केला आणि एक कॅन जास्तीचा उतरवून टाकला, तो परत मागायला वेळ नव्हता.

उरलेले कॅन एकमेकांवर आपटून एवढा आवाज करत होते की शेजारच्याचं ऐकू येत नव्हतं. अशात वस्ताद चाचांच्या कानाशी वाकले. त्यांना काहीतरी खासगी सांगायचं होतं, हे चेहऱ्यावरून कळत होतं.

"काय?" चाचा ओरडले.

वस्ताद जरा मोठ्यानं बोलले.

"काय म्हणतोस? मोठ्यानं बोल की मर्दा."

"दम!" वस्ताद तालमीतल्या आवाजात ओरडले. "दम जातोय माझा! वर्ष झालं! आकडा वडत न्हाय!"

पुढं ड्रायव्हरनं ते ऐकलं आणि म्हातारा मागं मरायला लागला असं वाटून कचकन ब्रेक मारला. सगळे कॅन पुढं गेले, कॅनांबरोबर आम्हीही. आवाज थांबला. त्या शांततेत चाचा कॅनांमधून उठून बसले आणि म्हणाले, "मग सांगायचंस की. रोज चहा पितोस माझ्यात, आणि दम तेवढा चोरून ठेवलास."

वस्ताद म्हणाले, "तू दिवं लावतोस त्याच्यावर. म्हणून न्हाय सांगितलं."

"म्हणूनच सांगायचं असतंय, येड्या."

ड्रायव्हरला आम्ही चालू लाग म्हणून सांगितलं.

गुळाचा ट्रक राधानगरीच्या एका खानावळीसमोर उभा होता आणि ड्रायव्हर खरंच बाजेवर झोपला होता. चाचांनी त्याला उठवलं नाही. ते सरळ ट्रकवर चढले, ताडपत्री उचलली, ढेपांवरच्या माश्या हाकलल्या आणि खोकं उघडलं. बॅटरी खोक्यातच होती. दिवा चालू केला, पण भर दुपारच्या उन्हात चमक दिसेना. खानावळीसमोर बसलेल्या एका धनगराची घोंगडी मागून घेतली आणि चाचा दिव्यासकट तिच्याखाली गेले. बाहेर फक्त त्यांचे पाय राहिले. मी ट्रकच्या मागच्या कडीला लंबक टांगला, पण वाऱ्यानं तो वाकडातिकडा झुलू लागला. मग वस्ताद अंग पसरून त्याच्या आडोशाला बसले.

आधी मोजायला मी लागलो. चार आकड्यांत घोंगडीतून चाचांचं डोकं बाहेर आलं, गुळाचा तुकडा केसांना चिकटलेला. "कोण मांजर बोलतंय? मला काय बी ऐकू येत न्हाय."

मी वस्तादांकडं बघितलं. ते मान खाली घालून बसले होते.

"वस्ताद," चाचा घोंगडीत परत जाता जाता म्हणाले, "तुझाच आकडा पायजे. आज पोरांकडं बघू नको, दोऱ्याकडं बघ."

वस्तादांनी नटावर डोळे लावले आणि सुरुवात केली. "याऽक! दोऽन! तीऽन! च्याऽर!" दोन झोक्यांना एक आकडा. घोंगडीतून काही आवाज नाही. पुन्हा "याऽक!" म्हटलं तेव्हा आतून ओरड आली, "हाय!" म्हणजे चमक पाचव्या आकड्याला येत होती. दहाचाच दिवा होता. चाचांनी स्क्रू फिरवला. पुन्हा मोजणी.

तोवर माणसं जमली होती. एस.टी.ची वाट बघणारे, खानावळीतले, उसाच्या गाडीवाले. एका घोंगडीखाली पाय हलतायत, आतून कुणी हाय म्हणतंय, आणि एक पैलवान दोऱ्याकडं बघून गर्जतोय, हे काय चाललंय ते विचारायची कुणाला गरज वाटली नाही. पाच-सात फेऱ्यांनंतर वस्तादांचा आवाज फाटू लागला. त्यांनी हात वर केला, आणि त्या हाताबरोबर गर्दीनंच आकडा उचलला. वस्ताद नटाकडं बघून हात खाली मारत, पन्नास माणसं एका आवाजात ओरडत, "याऽक! दोऽन! तीऽन! च्याऽर!" आणि चारावर घोंगडी ओरडे, "हाय!" झोपलेला ड्रायव्हर दचकून उठला आणि काही न कळता तोही मोजू लागला. लागोपाठ वीस फेऱ्या चमक चारावर आली. मी झोके मोजत होतो. प्रत्येक वेळी आठ. मीही ओरडत होतो. एवढ्या मोठ्यानं मी त्याआधी कधी ओरडलो नव्हतो.

चाचा घामानं निथळत बाहेर आले. खानावळीच्या चुलीवर लाख तापवून त्यांनी स्क्रू हलू नये म्हणून त्यावर ठिपका दिला, खोकं बंद केलं, आणि ड्रायव्हरला विचारलं, झोप झाली का, मग जा आता. ट्रक घाटाकडं गेला. धनगरानं घोंगडी परत घेतली, झटकली, वास घेतला आणि म्हणाला, गुळाचा वास छान लागलाय.

दुसऱ्या दिवशी चाचांनी मला खाली बोलावून बंदराच्या कचेरीला पत्र लिहायला बसवलं. त्यांनी सांगितलं तसं मी लिहीत गेलो: खडकावरचा दिवा वाटेत दुरुस्त केला, आठाचा आहे, बसवण्यापूर्वी तुमच्या घड्याळावर बघा. पुढं ते म्हणाले, लिही, गेल्या वर्षभरातले माझे सगळे दिवे तपासावे, माझी मोजणी चुकीची होती.

मी पेन थांबवलं. हे लिहिलं तर काम जाईल, मुंबईच्या एखाद्या कंपनीला देतील, मी म्हणालो. दुसरे दिवे दुसऱ्या खाड्यांतले, प्रत्येक खाडीत एकेकटे. थोडे मागंपुढं असले तरी घोटाळा होणार नाही. न कळवता हळूहळू परत मागवता येतील.

"तू तीन दिवस गप बसलास, त्यात एक ट्रक गेला," चाचा म्हणाले. रागावले नव्हते. "मी गप बसल्यावर किती जातील, मोज बघू."

मी लिहिलं. खाली त्यांनी सही केली आणि सहीच्या शेजारी वस्तादांनी, कुणी न सांगता, आपलाही अंगठा उठवला.

पंधरा दिवस उत्तर आलं नाही. त्या पंधरा दिवसांत चाचांनी कुणालाही सेकंदांत मोजलं नाही. हौदातलं पाणी अळणी झालं तरी मीठ घातलं नाही. ते नुसते पेचकस पुसत बसत, आणि वस्ताद शेजारी बसून चहा गार करत. बोटींची चौकशी त्यांनी केली नाही.

मग एका दुपारी नारळाचा ट्रक आला आणि त्यानं दोन खोकी उतरवली. पहिल्यात एक जुना गॅसचा दिवा होता, नव्या खाडीतला, बॅटरीवर करून द्या अशा चिठ्ठीसह. चाचांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. त्यांनी दुसरं खोकं उघडलं. त्यात त्यांनी दिवाळीत पाठवलेला स्वतःचाच दिवा होता. त्याच्या गळ्यात दोरीनं चिठ्ठी बांधली होती. मी वाचून दाखवली: "सहाऐवजी सात सेकंद भरले. दुरुस्त करून पाठवावा. बाकीचे तपासले, ठीक आहेत."

चाचांनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, उलटसुलट बघितली, आणि मला पुन्हा वाचायला लावली. मग दिवा काखेत मारला आणि तसेच, अनवाणी, रस्त्यावर गेले. अर्ध्या तासानं परत आले तेव्हा एका काखेत दिवा आणि दुसऱ्या हातात पेढ्यांचा मोठा पुडा होता. त्यांनी पहिला पेढा वस्तादांच्या तोंडात कोंबला, दुसरा माझ्या, मग गल्लीत प्रत्येक दाराशी थांबत निघाले. कोपऱ्यावरच्या लेथवाल्यानं पेढा घेऊन विचारलं, घरात कोण पास झालं का काय?

"पास कुटलं," चाचा दिवा त्याच्या नाकासमोर धरून म्हणाले, "नापास झालाय. आणि परत माझ्याकडंच धाडलाय."